मांजराला इन्सुलिन किती द्यावे?

मधुमेह हा केवळ माणसाचा रोग नव्हे. कुत्र्यामांजरांनाही तो होतो. या रोगाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध तर प्रथम कुत्र्यावरील प्रयोगातच उघड झाला. १८८९ मध्ये फॉन मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याच्या लघवीत साखर येऊ लागली. मांजराचा मधुमेह बहुधा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. लठ्ठ, फारशी हालचाल नसलेल्या, वय झालेल्या मांजरांत तो अधिक आढळतो. त्यांच्या शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि पुढे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीही निकामी होऊ लागतात. मग मांजराला बहुधा दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचावे लागते.

पण किती? चार किलोच्या मांजराला सुरुवातीला साधारण एक एकक पुरते. वीस एकके घेणाऱ्या माणसाने अर्धे एकक वाढवले, तर वाढ अडीच टक्क्यांची होते. मांजराच्या बाबतीत एकाचे दीड करणे म्हणजे मात्रा पन्नास टक्क्यांनी वाढवणे होय! म्हणून एका वेळी अर्धे, फार तर एक एकक एवढाच बदल करतात. त्यानंतर निदान पाच-सात दिवस वाट पाहतात, कारण नव्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो.

बदल कोणत्या आधारावर करायचा? सकाळी रक्त तपासले, साखर जास्त निघाली, मात्रा वाढवली, हा सरळ वाटणारा मार्ग धोक्याचा आहे. उदाहरणादाखल दोन मांजरे घेऊ. दोघांनाही सकाळी आठ वाजता इन्सुलिन दिले आणि रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी रक्तातील ग्लुकोज मोजले. दर १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये आकडे असे आले:

पहिले मांजर: ३८०, ३००, १८०, ११०, १६०, २६०, ३६०.
दुसरे मांजर: ३८०, ३४०, ३१०, २९०, ३००, ३३०, ३७०.

विद्यार्थ्यांना हे दोन आलेख एकाच कागदावर काढायला सांगावे. सकाळचा आकडा दोन्हीकडे ३८० आहे, पण पाहायचा तो आलेखाचा तळ. हा नीचांक साधारण ८० ते १५० यांच्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते. दुसऱ्या मांजराचा नीचांक २९० आहे. त्याला मात्रा कमी पडते आहे, ती थोडी वाढवता येईल. पहिल्याचा नीचांक ११० आहे. त्याला मात्रा पुरेशी आहे, फक्त तिचा परिणाम लवकर ओसरतो. येथे पशुवैद्य अधिक वेळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा विचार करतील. नुसती मात्रा वाढवली, तर दुपारी दोन वाजता साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकेल. सकाळी आणि रात्रीच रक्त तपासणाऱ्या मालकाला हे कळणारही नाही.

मोजमापातही दोन अडचणी आहेत. दवाखान्यात नेलेले मांजर घाबरते. त्या ताणाने स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे यकृत रक्तात ग्लुकोज सोडते आणि निरोगी मांजराचा आकडाही ३०० च्या वर जाऊ शकतो. म्हणून शक्य तर घरीच, कानाच्या कडेच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन तपासणी करतात. दुसरी अडचण यंत्राची. माणसाच्या रक्तातील सुमारे ४२ टक्के ग्लुकोज तांबड्या पेशींत असते. मांजरात अवघे ७ टक्के, बाकीचे रक्तद्रवात. त्यामुळे माणसासाठी बनवलेला ग्लुकोमीटर मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी स्थिती हवी असेल, तर फ्रुक्टोसामिन ही तपासणी करतात. ग्लुकोज चिकटलेल्या रक्तातील प्रथिनांचे प्रमाण तिच्यातून कळते आणि तासाभराच्या भीतीने ते बदलत नाही.

सिरिंजची चूक तर अगदी साध्या अंकगणिताची आहे. इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांत मिळते आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. ४० च्या सिरिंजवरील एक खूण म्हणजे ०.०२५ मिलिलिटर. तिच्यात १०० च्या कुपीतले इन्सुलिन त्या खुणेपर्यंत भरले, तर एकाऐवजी अडीच एकके टोचली जातील. उलट चूक झाली तर किती, हे विद्यार्थ्यांनीच काढावे.

साखर काही दिवस जास्त राहिली, तर मांजर खूप पाणी पिते, खूप मुतते, वजन घटते. हे दुरुस्त करायला सहसा वेळ मिळतो. साखर फार उतरली तर वेळ मिळत नाही. मेंदूला ग्लुकोज कमी पडते, मांजर झोकांड्या खाते, थरथरते, झटके येऊन मरूही शकते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळून त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. मांजर खात नसेल, उलट्या करत असेल, तर नेहमीची मात्रा टोचण्याआधीही त्यांना विचारावे.

मांजरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उपचार लवकर सुरू झाले, आहारातील पिष्टमय पदार्थ कमी केले आणि साखर आटोक्यात राहिली, तर स्वादुपिंडाच्या पेशी पुष्कळदा सावरतात आणि काही मांजरांना इन्सुलिनची गरजच उरत नाही. मूळचे मांसाहारी असल्याने त्यांचे यकृत एकदम आलेले पुष्कळ ग्लुकोज हाताळण्यात कमी पडते, म्हणून आहाराला येथे एवढे महत्त्व. पण त्याचा अर्थ असाही होतो, की गेल्या महिन्यात योग्य असलेली मात्रा या महिन्यात जास्त ठरू शकते. मांजर बरे दिसू लागले म्हणून मोजणे थांबवायचे नाही; तेव्हाच ते अधिक काळजीने करायचे.