चार ट्रॅकची शिवोली

रेमो फर्नांडिस म्हटलं की वर्धा-हिंगणघाटकडच्या माझ्या पिढीला आठवतो तो 'जलवा'. 1987 चा पंकज पराशरचा सिनेमा, नसीरुद्दीन शाह आणि ते दणदणीत शीर्षकगीत. मग 1995 मध्ये 'बॉम्बे'च्या हिंदी आवृत्तीतलं 'हम्मा हम्मा'. आपल्याकडे तो पोचला तो असा, सिनेमाच्या खांद्यावर बसून. पण त्याचं सगळ्यात धीट काम त्याआधीच, 1984 मध्ये, गोव्यातल्या शिवोलीच्या घरात होऊन गेलं होतं. त्या कॅसेटचं नाव 'गोवन क्रेझी'.

रेमोचा जन्म 1953 चा, पणजीचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये तो वास्तुकला शिकला, बँडमध्ये वाजवलं, मग मिळेल त्या गाडीला हात दाखवत युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली. परतला तेव्हा त्याच्याजवळ स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी होती, आणि त्या गाण्यांना बाजार नव्हता. कॅसेटचा धंदा चालायचा सिनेसंगीतावर. इंग्रजी गाणारा भारतीय हा हॉटेलात परक्यांची गाणी हुबेहूब म्हणून दाखवणारा, एवढीच त्याची किंमत. अशा वेळी लोक एकतर हिंदीकडे वळतात किंवा गिटार खुंटीला टांगतात. रेमोनं पोर्टास्टुडिओ घेतला.

हे यंत्र म्हणजे साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे ध्वनिमुद्रित करणारी पेटी. माणूस एकटा असेल तर आधी ताल, मग त्यावर बास, मग गिटार. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या तिन्हींवर पुढची वाद्यं, आवाज चढवायचे. एकदा उतरवलं की मागे फिरणं नाही: बास जास्त झाला तर तो जन्मभर जास्तच. शिवाय दर खेपेला टेपची सरसर थोडी वाढते. सगळी वाद्यं, सगळे आवाज, मिक्सिंग, इतकंच काय, मुखपृष्ठही रेमोचंच. कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत पोचवायलाही तोच. लिहायचं स्वतः, गायचं स्वतः, ठेका धरायचा स्वतः ही गोष्ट खंजिरीवाल्या तुकडोजी महाराजांच्या मुलखात कुणाला नवलाची वाटू नये. पण रॉकमध्ये, तेही 1984 च्या भारतात, ती नवलाचीच होती.

गोव्यानं ती कॅसेट उचलून धरली. कारण गाणी इंग्रजी असली तरी विषय गल्लीतले होते. त्यातलं 'ओड टू ग्रॅहम बेल' घ्या: टेलिफोन नावाच्या सरकारी वस्तूची यथेच्छ टिंगल. दिल्ली-मुंबईच्या कुठल्या कंपनीनं असल्या गाण्यावर पैसे लावले असते? विचारायलाच कुणी नव्हतं, म्हणून ते झालं. पाठोपाठ 1985 मध्ये 'ओल्ड गोवन गोल्ड' आली. त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्येही रेमो दिसला आणि गायला.

मग पणजीत पंतप्रधानांसमोर त्यानं 'हॅलो राजीव गांधी' म्हटलं. गोव्याची गाऱ्हाणी, थेट पाहुण्याच्या तोंडावर. पाहुण्याचा अपमान झाला म्हणून वर्तमानपत्रांतून ओरड झाली. रेमोनं ती कात्रणंच राजीव गांधींना पाठवून दिली. गाणं आपल्याला आवडल्याचं त्यांचं उत्तर आलं आणि ओरडणारे गप्प बसले.

त्यानंतर सीबीएस ही मोठी कंपनी आली. 'पॅक दॅट स्मॅक' आणि 'बॉम्बे सिटी' या दोन्हींना गोल्ड डिस्क मिळाल्या. इंग्रजीत स्वतःची गाणी गाणाऱ्या भारतीयाच्या दृष्टीनं ही फार मोठी मजल. ध्वनी स्वच्छ झाला, पल्ला वाढला, विषयही देशभराला कळतील असे आले, अमली पदार्थांसारखे. माझं मत विचाराल तर मी अजूनही सरसर असलेली कॅसेटच लावीन. 'पॅक दॅट स्मॅक'मधला गायक मोठ्या सभेला उद्देशून बोलतो, 'गोवन क्रेझी'तला शेजाऱ्याशी. आणि शेजाऱ्याला काढलेले चिमटे जास्त झोंबतात.

2007 मध्ये सरकारनं त्याला पद्मश्री दिली. 2021 मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, तेही इंग्रजीत.