उन्हातल्या कष्टकऱ्यासाठी गार गळपट्टी

गेल्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ स्लॅबच्या कामावर चक्कर येऊन पडला. अल्लाहच्या कृपेने बचावला. तेव्हापासून मी घरीच गार गळपट्ट्या शिवते.

सुती कापडाची ११० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. सुलट बाजू आत ठेवून उभी दुमडा, कडेने शिवा आणि नळी उलटवा. मधल्या ४० सेंटिमीटरमध्ये आडव्या शिलाया मारत चार कप्पे करा. प्रत्येकात शेतीत ओल टिकवण्यासाठी वापरतात ते हायड्रोजेलचे दाणे पाव चमचाच भरा. पाण्यात ते खूप फुगतात. पहिल्या पट्टीत मी सढळ हाताने भरले आणि शिवणच उसवली! दोन्ही टोके गाठीसाठी मोकळी ठेवा.

अर्धा तास भिजवून पट्टी गळ्याला बांधा. पाण्याची वाफ होताना ते अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तिचा गुण जास्त, कोकणात कमी. दाणे लहान मुलांपासून दूर ठेवा, मोरीत टाकू नका.

केवळ पट्टीच्या भरवशावर मात्र राहू नये. वरचेवर पाणी प्यावे, सावलीत बसावे. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

तहानलेल्याला पाणी पाजणे मोठा सदका आहे. दारातल्या माठासोबत या उन्हाळ्यात एक गळपट्टीही भाजीवाल्या चाचांच्या हाती द्या.