दयाची लाथ आणि दयाची थप्पड

‘सीआयडी’चा एखादा भाग चारचौघांत बसून पाहिला की वाद ठरलेलाच! दया लाथ मारतो, दार धाडकन पडतं, एक जण टाळ्या वाजवतो आणि दुसरा लगेच म्हणतो, ‘‘हॅ! असं कुठं असतं का?’’ मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, वीस वर्षं चालून ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. म्हणजे तुमच्या आई-बाबांनीही लहानपणी हाच वाद घातला असणार. विचारून पाहा!

दिग्दर्शक बी. पी. सिंग आधी दूरदर्शनवर कॅमेरामन होते. मुंबईच्या गुन्हे शाखेतल्या अधिकाऱ्यांशी त्यांची ओळख झाली, त्यातून त्यांना तपासाच्या गोष्टींचा नाद लागला. ‘सीआयडी’च्या आधी त्यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही मालिका केली होती. तिच्यातही शिवाजी साटम होतेच. तेव्हा सगळंच हवेतलं आहे असं म्हणता येत नाही. मग खरं किती?

चला, तपास आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आणून पाहू. समजा, मेहकर तालुक्यातल्या एका गावात रात्री घरफोडी झाली. पहिलीच पंचाईत म्हणजे एसीपी प्रद्युम्न येणारच नाहीत! एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. हे पद मुंबई, नागपूर अशा आयुक्तालयाच्या शहरांत असतं. आपल्या जिल्ह्याचे प्रमुख पोलीस अधीक्षक आणि ठाण्याचे प्रमुख आपले ठाणेदार. गावातून पहिली खबर देतात ते पोलीस पाटील, पण मालिकेत त्यांना कुणी विचारतच नाही. बरं, सीआयडी तरी येईल का? राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्याला. इथे धावपळ करतात ती ठाण्याची माणसं आणि ‘एलसीबी’, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा.

डॉ. साळुंखे तर एकटेच सगळं करतात. शवविच्छेदन तेच, विषाची तपासणी तेच, बोटांचे ठसेही तेच, आणि तेसुद्धा दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात! प्रत्यक्षात शवविच्छेदन सरकारी दवाखान्यातले डॉक्टर करतात, ठसे पाहणारे तज्ज्ञ वेगळे, आणि नमुने सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. आपल्या विभागाची अशी प्रयोगशाळा अमरावतीला आहे. तिथे नमुन्यांची रांग असते. थांबावं लागतं, बाबा!

आता त्या दाराकडे वळू. सगळे हसतात ते त्यालाच. पण गंमत अशी की दार तोडणं कायद्यात बसतं! ज्याला अटक करायची तो आत आहे असं वाटलं, तर पोलिसांनी आधी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचं आणि दार उघडायला सांगायचं. तरीही उघडलं नाही, तर तोडता येतं. दयाची चूक एवढीच, की पुष्कळदा तो कडी वाजवायची तसदीच घेत नाही.

आणि ज्याला कुणी हसत नाही ती थप्पड? संशयिताच्या कानाखाली एक बसते, तो घडाघडा सगळं सांगून टाकतो, एसीपी शिक्षाही तिथेच सुनावून मोकळे होतात आणि आपण टाळ्या वाजवतो. खऱ्या कोर्टात मात्र ती कबुली फुकट! पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही ते कायम आहे. कारण सरळ आहे. मार चुकवायला माणूस न केलेली चोरीही कबूल करतो, आणि खरा चोर गावात मोकळा फिरत राहतो. आपणहून कबुली द्यायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यांसमोर. तेही आधी बजावतात, ‘बोलायलाच हवं असं नाही. बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल.’ शिवाय अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. त्यात प्रवासाचा वेळ तेवढा मोजत नाहीत. हे तर आपल्या राज्यघटनेतच आहे.

‘‘मग पोलिसांनी चोराला काही विचारायचंच नाही का?’’ असं कुणीतरी म्हणेलच. विचारायचं की! आपल्या घरफोडीतला चोर म्हणाला, ‘दागिने कपाशीच्या शेतात, बांधावरच्या बाभळीखाली पुरलेत,’ आणि खणल्यावर ते खरंच निघाले, तर त्याच्या बोलण्यातला तेवढा भाग कोर्टात चालतो. का? कारण आता साक्ष द्यायला दागिने आहेत. म्हणून पोलीस दोन पंचांना सोबत घेतात, चोर काय बोलला ते लिहून घेतात, मग त्याच्या मागोमाग शेतात जातात. काय निघालं, कुठून निघालं याचा पंचनामा होतो, त्यावर पंचांच्या सह्या होतात. नव्या कायद्याप्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं.

हे पंच म्हणजे कुणी साहेब नव्हेत. शेजारचे काका असतील, नाहीतर कोपऱ्यावरचे किराणावाले. पुढे कोर्टाने बोलावलं की हातातलं काम टाकून जायचं, वकिलांच्या उलटसुलट प्रश्नांना तोंड द्यायचं, आणि तेही कधी कधी काही वर्षांनी! पुढचा भाग पाहाल तेव्हा दयाच्या लाथेवरून नजर काढून खोलीच्या कोपऱ्यात बघा. कागदावर सही करणारे दोन साधे लोक तिथे दिसतात का?