रक्ततपासणीने कर्करोगाचे वेळीच निदान होते काय?

कल्याण-डोंबिवलीतील आरोग्य तपासणीच्या जाहिरातींत अलीकडे ‘कॅन्सर मार्कर’ या नावाच्या रक्ततपासण्याही आढळतात. अहवाल निर्दोष आला की मनुष्य निर्धास्त होतो. ही निश्चिंती कितपत खरी, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

या क्षेत्रातील एक उल्लेखनीय प्रयत्न आपल्याच राज्यातला आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेने स्तनाच्या कर्करोगासाठी रक्ततपासणी विकसित केली. गाठीपासून सुटून रक्तात उतरलेल्या मोजक्या कर्कपेशी शोधून काढणे, हे तिचे तत्त्व. कोट्यवधी रक्तपेशींच्या गर्दीत अशा पेशी हुडकावयाच्या, म्हणजे काम किती नाजूक! 2021 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. 2022 मध्ये अपोलो रुग्णालयांच्या सहकार्याने ती भारतात उपलब्ध झाली. मात्र हा दर्जा म्हणजे अंतिम मान्यता नव्हे. पुढील परीक्षणास गती मिळावी, एवढाच त्याचा अर्थ. मथळ्यांत हा भेद बहुधा हरवतो.

रोग आधी सापडणे आणि प्राण वाचणे या गोष्टी एकच नव्हेत. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून अधिक स्त्रिया सहभागी असलेल्या अभ्यासात एका गटाची ‘सीए-125’ ही रक्ततपासणी दरवर्षी करण्यात आली. अंडाशयाचा कर्करोग काहीसा आधी सापडला. परंतु 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय हाच घटक मासिक पाळीतही वाढू शकतो, तर पुरुषांतील ‘पीएसए’ प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीनेही. अशा वेळी घराघरात विनाकारण भीती शिरते.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतील वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनतपासणी केली. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पातळ अॅसेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यूही 31 टक्के कमी झाले. या साधेपणाचे आम्हांस विशेष कौतुक वाटते.

म्हणून रक्ताचा अहवाल कितीही चांगला असो. स्तनातील गाठ, तोंडातील न भरणारा व्रण किंवा अवेळी रक्तस्राव दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम 30 वर्षांपुढील व्यक्तींसाठी आहे. त्याविषयी जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.