तबकडीतला सूर, फितीवरचा राग

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने भूगावच्या पुढे गेलं की मुळशी तालुक्यातलं भुकूम येतं. पुण्याच्या पेठांमधून इकडे राहायला आलेल्या रसिकाला भिंतीला भिंत लागून शेजारी नसतो आणि गाणं ऐकायला वेगळी खोली मिळू शकते. मग माळ्यावरच्या रेकॉर्डी खाली येतात, वडिलांच्या स्पूलचे डबे उघडतात आणि घरात वाद सुरू होतो. पैसे घालायचेच, तर उंची टर्नटेबलमध्ये घालावेत की स्पूलच्या टेपरेकॉर्डरमध्ये? परदेशी मासिकं याचा निकाल ऑर्केस्ट्रा नि जॅझ ऐकून लावतात. आपल्याला तो ख्याल ऐकून लावायला हवा.

आई फीत, लेक तबकडी

जर्मनीच्या एईजी कंपनीने 1935 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हा टेपरेकॉर्डर मांडला. युद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत पोहोचलं. 1948 साली तिथे अँपेक्स कंपनीचं पहिलं यंत्र आलं आणि त्याच वर्षी कोलंबियाची एलपीही. तेव्हापासून रेकॉर्ड म्हणजे आधी फितीवर मुद्रित झालेलं गाणं, असंच समीकरण झालं. फितीवरून लॅकरच्या तबकडीवर खाच कोरायची, तिच्यावरून धातूचे साचे काढायचे आणि साच्यात व्हिनाइल दाबायचं. भारतात हे काम कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात चाले.

म्हणजे वंशावळीत फीत वरच्या पिढीतली. मूळ फितीची थेट नक्कल 38 सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने वाजवली, तर ती त्याच गाण्याच्या रेकॉर्डपेक्षा मूळ आवाजाच्या जवळ असते. मात्र अशी नक्कल बाजारात मिळायला हवी. अमेरिकेतल्या ‘द टेप प्रोजेक्ट’सारख्या मोजक्या संस्था ती विकतात, पण त्यांची यादी बहुतेक पाश्चात्त्य संगीताची.

‘अस्सल अ‍ॅनालॉग’ या शिक्क्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी या बाबतीत सोवळी मानली जायची. तिच्या अनेक महागड्या रेकॉर्डींच्या निर्मितीत एक टप्पा डिजिटल होता, हे 2022 च्या जुलैत उघड झालं. तोवर कित्येक जाणकारांच्या कानांना तो खटकलाही नव्हता.

द्रुत लय आणि आतली खाच

एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. फेरे तेवढेच, पण सुईखालून सरकणारी खाच सारख्या वेगाने सरकत नाही. बाहेरच्या कडेला तो वेग सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर असतो, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबावा लागतो आणि तारस्वर फाटू लागतात.

आता ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित आधी, द्रुत मागून. संथ आलापी प्रशस्त खाचेत, आणि वेगाच्या ताना नि तारसप्तक नेमके जिथे जागा अपुरी पडते तिथे. सिंफनीचा जोरकस शेवटही याच अडचणीत सापडतो, पण आपल्याकडे तर चढत्या लयीचा दंडकच आहे. चांगली सुई, अचूक बसवलेला आर्म यांनी हा दोष पुष्कळ कमी होतो, नाहीसा होत नाही. फितीचा वेग पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत एकच.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. ते मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेलं असेल, तर 10 सेंटिमीटर त्रिज्येवर सूर प्रत्येक फेऱ्यात एक टक्का वर आणि एक टक्का खाली हेलकावतो. आपली प्रमाणश्रुती 81 ला 80, म्हणजे सव्वा टक्क्याची. एका फेऱ्याला 1.8 सेकंद लागतात. तेवढ्यात षड्ज एका श्रुतीहून अधिक झोके घेतो. पियानोच्या तुटक स्वरांत हे निसटून जाईल, तानपुऱ्याच्या अखंड नादात लगेच कळतं. टर्नटेबल घ्यायला जाताना दुकानदाराची रेकॉर्ड ऐकू नका, घरची तानपुऱ्याची ऐका. नाकामिची कंपनीने 1981 च्या सुमारास तबकडी आपोआप मध्यावर आणणारं यंत्र काढलं होतं. इतरांच्या लाखमोलाच्या टर्नटेबलांना हे जमत नाही.

मैफल कुठे उरली?

यंत्रांच्या तुलनेत इथवर फीत पुढे आहे. खरा फरक मात्र कशावर कोणतं गाणं आहे, यात आहे.

भारतात 1902 मध्ये ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि पुढचं अर्धं शतक राग तीन-साडेतीन मिनिटांत आटवावा लागला. भास्करबुवा बखल्यांचं 1922 साली निधन झालं. त्यांचा आवाज ऐकण्याची सोयच नाही. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. एलपीने बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली. तरीही काय गायचं, कुणी गायचं, हे कंपनीच ठरवी.

स्पूलच्या टेपरेकॉर्डरने ही मक्तेदारी मोडली. 1,200 फुटांची फीत साडेनऊ सेंटिमीटरच्या वेगाने एका दिशेला तासभर पुरते. एवढ्यात एक राग पुरा मावतो, दादही मावते आणि गवयाचं खाकरणंही. दिवाणखान्यातल्या मैफली रसिकांनी अशाच जपल्या. मुंबईत सत्यशील देशपांडे यांच्या संवाद फाउंडेशनने बुजुर्ग गवयांचं गाणं आणि बोलणं ध्वनिमुद्रित केलं. याच मुळशी तालुक्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि पुढे त्यांतल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रणही झालं. कुठली रेकॉर्ड कंपनी त्या बायांच्या दारात गेली असती?

म्हणून आपल्याकडे उत्तम आवाज बहुधा तबकडीत आहे आणि उत्तम गाणं बहुधा फितीवर. घरगुती फितीला खरखर असते, माइक तबल्याकडे झुकलेला असतो, यंत्राचा वेगही डगमगतो. सहा टक्के वेग चुकला की सूर अर्ध्या स्वराने घसरतो. काळी चारचा गवई पांढरी पाचात ऐकू आला, तर दोष यंत्राचा.

मुळशीचा पाऊस

पुण्यातून पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढत जातो. फितीवरच्या चुंबकी भुकटीला धरून ठेवणारा थर ओल शोषतो. 1970-80 च्या दशकांतल्या काही फितींचा तो चिकट होऊन हेडवर खरवडला जातो. जाणकार अशी फीत 50-54 अंशांच्या आसपास काही तास शेकून तात्पुरती सावरतात. जुन्या अ‍ॅसिटेटच्या फितीला हा उपाय चालत नाही. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, तर ती खराब होत चालली असं समजावं. रेकॉर्डवरची बुरशी धुता येते, फितीचं तसं नाही. शिवाय जुन्या यंत्रांचे हेड नि पट्टे मिळेनासे झालेत. फिती वाजवणारी चालती यंत्रंच 2025 च्या सुमारास दुर्मीळ होतील, असा इशारा युनेस्कोच्या प्रकल्पाने दिला होता. ती वेळ आता आली आहे.

तेव्हा निवाडा असा. विकत मिळणारं गाणं ऐकायचं असेल, तर मध्यम किमतीचं टर्नटेबल घ्या आणि उरलेले पैसे सुईवर नि रेकॉर्ड धुण्याच्या यंत्रावर घाला. घरात स्पूल नसतील, तर नुसत्या हौसेपायी टेपरेकॉर्डर घेऊ नका. आणि स्पूल असतील, तर टर्नटेबल पुढच्या वर्षी घ्या. आधी त्या फिती जाणकाराकडून तपासून, योग्य वेगाने वाजवून 24 बिट, 96 किलोहर्ट्झमध्ये उतरवून घ्या. डब्यावरचा गवई, राग, तारीख यांची नोंद जपा आणि एक प्रत एखाद्या संग्रहालयाला द्या. बाजारात टर्नटेबल पुढेही मिळेल, ती मैफल मिळणार नाही.