ठोके कुणाचे?

प्रसूतिकक्षातून : लेखांक ६

गेल्या आठवड्यात प्रसूतीची प्रगती नोंदवायचा पार्टोग्राफचा कागद पाहिला. आज पोटावर बांधायच्या पट्ट्यांकडे वळू.

पट्टे दोन. वरचा कळा टिपतो, खालचा बाळाचे ठोके. कळ किती वेळाने आली, किती सेकंद टिकली, हे वरचा पट्टा कागदावर नीट उमटवतो. कळेला जोर किती, हे मात्र त्याला सांगता येत नाही. पट्टा सैल बांधला, बाईने कूस बदलली, की तीच कळ कागदावर बुटकी दिसते. जोर कळतो बोटांना. मी विद्यार्थिनींना आधी स्वतःच्या चेहऱ्याला हात लावायला सांगते. कळ आली असताना पोट नाकाच्या शेंड्याइतकं दबलं तर कळ हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं घट्ट लागलं तर जोराची. हे एकदा बोटांत बसलं की आयुष्यभर विसरत नाही.

खालच्या पट्ट्याची गोष्ट जास्त काळजीची. त्यातली चकती हलत्या हृदयावरून परतणाऱ्या ध्वनिलहरी पकडते. शेजारची आईची रक्तवाहिनी सापडली, तर चकती आईचेच ठोके दाखवत राहते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०. जोर लावताना आईची नाडीही १२०-१३०पर्यंत सहज जाते. आकडा बघून फरक कळणार कसा?

एका रात्रपाळीला पडद्यावर १२६ दिसत होते आणि आम्ही सगळ्या निर्धास्त होतो. कळा देणारी बाई घाबरली होती म्हणून मी तिचं मनगट धरलं. पडद्यावरचा टिक आणि बोटाखालची नाडी एकदमच पडत होती. चकती सरकवली तेव्हा बाळाचे खरे ठोके सापडले: ८०. डॉक्टरांनी व्हॅक्यूम लावून बाळ काढलं, अंबू बॅगने श्वास दिला, मग ते रडलं. तोवर किती मिनिटं आम्ही आईचीच नाडी बघत होतो, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पट्ट्यांच्या या मशीनऐवजी फ्रान्सच्या अदोल्फ पिनार यांनी १८९५ साली आणलेल्या कर्ण्याने ऐकायचं तर आधी बाळाची पाठ शोधावीच लागते. एका कुशीला सलग, कडक पाठ. दुसरीकडे बोटाखालून निसटणारे हातपाय. पाठ सापडली की तिथे कर्णा टेकवायचा, कान लावायचा आणि दुसरा हात आईच्या नाडीवर.

मशीनचा उपयोग आहेच. ३७ हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचण्या २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात एकत्र केल्या, तेव्हा सतत मशीन लावलेल्यांच्या बाळांना झटके निम्म्याने कमी आलेले दिसले. पण बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, सिझेरियन मात्र वाढली. म्हणूनच निरोगी बाईला सतत मशीन लावू नका, ठरावीक वेळाने ऐका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं: सुरुवातीला १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावताना दर ५ मिनिटांनी, प्रत्येक वेळी निदान मिनिटभर. एका सिस्टरकडे चार खाटा असतील तर हे जमणार नाही, आणि मशीन लावून मोकळं व्हायचा मोह तिथूनच सुरू होतो. तिला दोष देऊन भागणार नाही, माणसं वाढवावी लागतील.

आपल्याकडेही २०१८पासून परिचारिकांसाठी मिडवाइफचं दीड वर्षाचं प्रशिक्षण आलं आहे. त्या दीड वर्षात माझं एकच मागणं आहे: विद्यार्थिनीने पोटावर हात ठेवून बाळाची पाठ कुठे आहे ते तोंडाने सांगावं, मगच पट्ट्याला हात लावावा.