ड्रिल मशीन : पत्रा हाताने का धरू नये?

तेलगावसारख्या साखर कारखान्याच्या गावात वेल्डिंगच्या दुकानातले ड्रिल मशीन मुलांनी पाहिलेले असते. पत्रा हाताने धरून भोक पाडणारा कारागीरही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथले ‘काम करत शिकणे’ आपल्या शाळेत आणायचे, तर ही सवय आधी मोडावी लागेल.

मशीन बाकाला बोल्टने आवळा. टेबल ड्रिलशी काटकोनात आहे ना, हे गुण्याने पाहा. पट्टा बदलताना प्लग काढलेलाच हवा. मऊ पोलादात ६ मिमी ड्रिलला मिनिटाला सुमारे १३०० फेरे चालतात, १२ मिमीला निम्मे. असे का, हे मुलांनाच परीघ काढून सांगू द्या.

खरा धोका भोक आरपार जाताना असतो. शेवटचा पातळ थर कापला न जाता ड्रिलच्या धारेत अडकतो आणि पत्रा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गरकन फिरतो. म्हणून तो क्लॅम्पने टेबलाला बांधायचाच. शिवाय लांब टोक डावीकडे, मागच्या खांबाला टेकवून ठेवायचे. सुटलाच तर खांबावर अडेल. हातमोजे मात्र नकोत, ड्रिल ते बोटांसकट ओढून घेते. चकची चावी काढल्याशिवाय बटणाला हात नाही, हे आम्ही भिंतीवरच लिहून ठेवतो.